खालून वर वाचलेला अध्याय

तिसरं पातेलं जळालं तेव्हा सूनबाईने हात टेकले. पहिल्या पातेल्याला ती हसली होती. दुसऱ्याच्या वेळी "होतं असं सुरुवातीला" म्हणाली होती. पण तिसरं तिच्या आवडीचं होतं, जाड बुडाचं, आणि त्याच्या तळाशी मध, अंजीर आणि दूध यांनी मिळून जो काळा थर धरला होता तो उलथन्याला दाद देईना आणि तारेच्या घासणीलाही देईना. वर छताला लावलेल्या धुराच्या भोंग्याने घर डोक्यावर घेतलं होतं. त्याच्याखाली स्टुलावर चढून तिचे सासरे त्याला वर्तमानपत्राने वारा घालत होते, आणि वारा घालता घालता अगदी शांतपणे म्हणत होते, "पोथी चुकत नाही, सूनबाई. माझंच काहीतरी चुकतंय."

"आधी खाली उतरा, बाबा," ती म्हणाली. "कोण चुकतंय ते जमिनीवर उभं राहून बघू."

सासऱ्यांना सगळे गुरुजी म्हणत. उभा जन्म त्यांनी एकच पोथी शिकवली होती. फार जुना धर्मग्रंथ, आणि त्यातही अन्नाचा अध्याय म्हणजे गुरुजींचं राखीव कुरण. देवापुढे काय ठेवावं, दमून आलेल्या वाटसरूला काय वाढावं, उपास कशाने सोडावा, हे सगळं त्या अध्यायात होतं आणि गुरुजींना झोपेतून उठवून विचारलं तरी ते घडाघडा म्हणून दाखवत. कोणत्या शब्दावर कोणी कोणाशी वाद घातला होता तेही सांगत. आता यातला एकही पदार्थ त्यांनी कधी केला नव्हता ही गोष्ट वेगळी. केला नव्हता कसला, स्वयंपाकघराचा उंबरा ते फक्त पाणी प्यायला ओलांडत, तेही पेला कुठे असतो हे विचारून.

ज्यांना विचारायचं त्या सासूबाई गेल्या आणि गुरुजी आपल्या घरात एकटे राहिले. मुलगा रोज फोन करायचा. "जेवलात?" "जेवलो." पोरगा बिचारा निर्धास्त. मग एके सकाळी समोरच्या घड्याळवाल्याला गुरुजी जिन्यात बसलेले दिसले, उठता येईना म्हणून बसलेले. दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, यांना आजार काही नाही, यांच्या पोटात अन्न नाही. मुलगा त्याच दिवशी वडिलांना आपल्याकडे घेऊन आला, घराला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या जुडग्यात अडकवली.

मुलाबद्दलही सांगायला हवं. तो लिफ्टचा तपासनीस होता. दोर कधी तुटेल, ब्रेक कधी दगा देईल, दार मध्येच उघडलं तर काय, याच विचारांवर त्याचा पगार होता, आणि ते विचार तो घरीही घेऊन यायचा. न्हाणीघरात धरायला दांडी, जिन्यावर खरखरीत पट्ट्या, छताला एक सोडून दोन धुराचे भोंगे. स्वयंपाकघरात ज्वाला नको म्हणून काचेची विजेची शेगडी. प्रेम करायची त्याची हीच पद्धत होती, आणि ती वाईट होती असं कोण म्हणेल? जाच मात्र होता.

गुरुजी काही काळ गुमान राहिले. मग एक दिवस जेवताना म्हणाले, "मला घरी जायचंय."

"हेच घर आहे, बाबा."

"हे तुझं. मला माझ्या घरी जायचंय."

"तिथे तुम्हाला करून कोण घालणार?"

"मी करीन."

यावर मुलगा हसला, आणि तिथेच फसला. आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला हसून गप्प करता येत नाही. तो जास्तच हट्टाला पेटतो. शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी मुलाने अट घातली. एकट्यापुरता स्वयंपाक स्वतः करायचा, मी समोर बसणार, आणि स्वतः पोटभर जेवून दाखवायचं. जमलं तर किल्ली तुमची. नाही जमलं तर ते घर भाड्याने द्यायचं, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. भाडेकरूही त्याने बघून ठेवला होता, औषधांच्या कंपनीतला कोणी गृहस्थ, महिना संपला की सामान आणायला तयार. म्हणजे गुरुजींच्या हातात तेवढाच वेळ होता.

सूनबाईने त्यांना पाककृतींची चांगली दोन पुस्तकं आणून दिली. गुरुजींनी हातात पेन्सिल घेऊन ती वाचली आणि कच्च्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका परत करावी तशी परत केली.

"'चवीपुरतं मीठ'. कोणाच्या चवीपुरतं?"

"खाणाऱ्याच्या, बाबा."

"'रंग बदलेपर्यंत परता'. कोणत्या रंगाचा कोणता रंग होईपर्यंत? आणि हे बघ, 'अंदाजाने पाणी घाला'. ज्याला अंदाज आहे तो पुस्तक कशाला उघडेल?" त्यांनी चष्मा काढला. "मला एकच पुस्तक शब्दन् शब्द समजतं. मी त्यातूनच शिकतो."

दुसरी एखादी सून असती तर तिने कपाळावर हात मारला असता. ही मात्र बिस्किटांच्या कारखान्यात कामाला होती, चव तपासायच्या खोलीत. तिथे लाल दिवा असायचा, बिस्किटाचा रंग बघून जीभ फसू नये म्हणून, आणि त्या लाल उजेडात ती दिवसभर एकेक तुकडा चावायची, कोमट पाण्याने चूळ भरायची आणि आकडे मांडायची. लिहिलेल्या कृतीत लोक आपलं डोकं घालतात आणि मग माल बिघडतो, हे तिने इतक्यांदा पाहिलं होतं की लिहिल्याबरहुकूम वागणाऱ्या माणसाबद्दल तिला मनातून आदर वाटायचा. ती म्हणाली, "शिका. पण मी घरात असतानाच."

आणि गुरुजींनी कंबर कसली.

जव भिजवायला अध्यायात "वाहतं पाणी" सांगितलं होतं, म्हणून न्हाणीघरातल्या बादलीत जव आणि वर बारीक धार सोडलेला नळ. मुलगा दाढी करायला गेला तो तसाच परत आला. जवाचा पहिला रोट भाजला तो इतका कडक झाला की वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी चव घेतली आणि विचारलं, "गुरुजी, माझ्या धंद्यावर एवढी मेहेरबानी कशाला?" गुरुजी खजील झाले नाहीत. रोट घेऊन खाली आले, अध्यायातली ती ओळ पुन्हा म्हणून पाहिली आणि पीठ मळून झाकून ठेवायचं राहिलं हे स्वतःच शोधून काढलं. दुसऱ्या दिवशीचा रोट डॉक्टरीणबाईंनी दोन वेळा मागून घेतला.

काचेच्या शेगडीने तर त्यांच्या नाकी नऊ आणले. अध्याय म्हणे, ज्वाला निळी झाली की भांडं ठेव. शेगडीला ज्वालाच नाही. गुरुजींनी दिवे मालवून वाकून वाकून पाहिलं, कुठे काही निळं दिसतं का. सूनबाईला वाटलं, आता तरी पोथी मिटतील. पण त्यांनी शेगडीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरला आणि आकडा एकेकाने वाढवत नेला. कोणत्या आकड्याला हात लगेच मागे घ्यावासा वाटतो, कोणत्याला एक ओळ म्हणून होईपर्यंत धरवतो, कोणत्याला पूर्ण कडवं होतं, असं सगळं त्यांनी हाताने पाठ केलं. ती शेगडी सूनबाई कितीतरी वर्षं वापरत होती, पण तिला ती इतकी कधीच कळली नव्हती. खडू धरून धरून तयार झालेली त्यांची बोटं अंजिराच्या चकत्या करायला लागली की एकाच जाडीच्या होत, कारखान्यातल्या यंत्रासारख्या. ती दारात उभी राहून बघायची. या वयात माणूस ऐकू येत नाही, दिसत नाही, आठवत नाही म्हणतो, आणि हे गृहस्थ सुरी धरायला शिकत होते. तिला त्यांचा फार अभिमान वाटायचा.

मसूर जमला, रोट जमला. अडलं ते उपास सोडायच्या जवाच्या पेजेपाशी. अध्यायातला हा सगळ्यांत मानाचा पदार्थ, आणि मुलापुढे तोच करून दाखवायचा असं गुरुजींनी ठरवलं होतं. ओळ अगदी सोपी होती: मध, अंजीर, दूध, तीळ, जव, पाणी आणि अग्नी. गुरुजी त्याच क्रमाने जायचे. तापल्या पातेल्यात आधी मध. मध उकळून काळा पडायचा, अंजीर त्याला चिकटायचं, वर दूध ओतलं की ते फाटायचं, आणि मग भोंगा वाजायचा. तीळ घालायची वेळच येत नसे.

"बाबा, गोड आधी घातलं की करपणारच," सूनबाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "आमच्याकडे साखरेचा पाक सगळ्यांत जपतात."

"तुमच्या कारखान्यात तसं असेल. इथे मध आधी लिहिलाय."

त्यांच्या डोक्यात दुसरं काही शिरेना, कारण उभ्या आयुष्यात त्या पोथीतला एक शब्दही त्यांनी जागचा हलवला नव्हता. विद्यार्थ्याने ओळ पुढेमागे केली तर ते अख्खं कडवं पुन्हा म्हणायला लावत.

तर आता तिसरं पातेलं जळालं होतं, महिना संपत आला होता, आणि गुरुजी टेबलाशी बसून तारेच्या घासणीने त्याचं बूड घासत होते. घासायच्या तालावर त्यांचं चाललं होतं: मध, अंजीर, दूध, तीळ. समोर फ्रिजवर लोहचुंबकाने एक लग्नाची पत्रिका लावलेली होती. घासता घासता त्यांची नजर तिच्यावर गेली आणि हात थांबला.

"सूनबाई, ही कोणाची?"

"आमच्या पॅकिंगमधल्या बाईंच्या मुलीची. रविवारी संध्याकाळी आहे."

"आजोबांचं नाव सगळ्यांत वर आहे."

"वरच असणार ना, बाबा."

"आजोबा काय करतायत लग्नात?"

"ते काय करणार? नव्वदीला आलेत, खुर्चीतून उठवत नाही त्यांना."

"मग करतंय कोण सगळं?"

"बाईच करतायत. हॉल ठरवण्यापासून ते खुर्च्या मोजण्यापर्यंत. त्यांचं नाव खाली आहे बघा, बारीक अक्षरात."

गुरुजींनी घासणी ठेवली. पत्रिका काढून हातात घेतली, वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. आणि मग हसायला लागले. असे हसायला लागले की सूनबाईला भीतीच वाटली. डोळे पुसत ते म्हणाले, "अगं, ही पत्रिका आहे. अध्यायातली ओळ म्हणजे पत्रिका आहे. मध सगळ्यांत मानाचा, म्हणून तो वर. अग्नी सगळ्यांची चाकरी करणारा, म्हणून तो शेवटी. मानाने नावं लावलीत, कामाने नाही. काम करायचं तर खालून वर यायचं. आधी अग्नी, मग पाणी, मग जव."

"आणि मध?"

"आजोबा. सगळं झाल्यावर येऊन बसणार." ते पुन्हा हसले. "अग्नी शेवटी का येतो, यावर माझं एक अख्खं व्याख्यान आहे. तो सर्वांचा अंत करतो म्हणून शेवटी, असं मी सांगायचो. मुलं वह्यांमध्ये उतरवून घ्यायची. बिचाऱ्या अग्नीला पंगतीत खालची जागा मिळाली होती, एवढंच."

दुसरा कोणी विद्वान असता तर महिनाभर तोंड लपवून बसला असता. गुरुजींनी बाह्या वर सारल्या आणि चौथं पातेलं मागितलं.

हाताने जोखून शेगडीचा आकडा लावला. पाणी. पाण्याला कड आल्यावर भिजलेले जव. मग वाट बघणं, कारण जव फुटायला वेळ घेतात आणि गुरुजींनी त्यांना घाई केली नाही. दाणा मधोमध उकलला तशी भाजून कुटलेली तिळाची पूड, मग दूध, थोडं थोडं, एकाच दिशेने ढवळत. पातेलं खाली उतरवल्यावर अंजीर. आणि अगदी शेवटी, बोट बुडवून पोळत नाही याची खात्री झाल्यावर, मध. भोंगा गप्प होता.

सूनबाईने चमचा घेतला. सवयीने डोळे मिटले, रंगाने फसू नये म्हणून. आधी तीळ आला, कडवटाच्या काठावरचा. मग जव, बाहेरून मऊ आणि आत दाताला थोडा विरोध करणारा. अंजिराच्या बारीक बिया दाताखाली फुटल्या, आणि घास गिळून झाल्यावर, आता संपलं असं वाटत असताना, मागून मध आला आणि बराच वेळ जिभेवर राहिला. दिवसभर चवी मोजायचं काम करणाऱ्या त्या बाईला मोजायची आठवणच राहिली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "हे कोणी केलं असेल पहिल्यांदा?"

"ज्याला कोणाची तरी भूक दिसली असेल, त्याने," गुरुजी म्हणाले.

अध्यायातलं माप सात जणांचं होतं, सात ओंजळी जव. ते कमी करायला गुरुजी तयार नव्हते, त्यामुळे पेज उदंड झाली होती. वाट्या भरून ते स्वतः जिने चढले-उतरले. डॉक्टरीणबाईंना, त्यांच्या दवाखान्यात ताटकळलेल्या दोन रुग्णांना, खालच्या पहारेकऱ्याला. सगळ्यांना देऊन झाल्यावर परत आले आणि ओट्याशी उभ्यानेच दोन वाट्या जेवले. मुलाकडे आल्यापासून ते इतकं कधी जेवले नव्हते. सूनबाईचा जीव भांड्यात पडला. पातेल्याच्या तळाशी उरलेलं तिने नवऱ्यासाठी ठेवलं, पण तो म्हणाला, "परीक्षेच्या दिवशीच खाईन. आधीच पेपर फोडू नको."

आता फक्त एकट्याचं माप काढायचं राहिलं होतं, आणि ते तर तिच्या हातचा मळ. चव बघायच्या नमुन्यासाठी कारखान्यातली हजार किलोची कृती ती रोज परातीत बसवायची. तिने सातचा एक करून दिला, लहान पातेलं दिलं, आणि सकाळी ती कामावर निघायच्या आत गुरुजींची एकट्यापुरती पेजही पहिल्या फटक्यात जमली. संध्याकाळी ती कामावरून आली तर फ्रिजमध्ये झाकलेली भरली वाटी.

"खाल्लं नाहीत?"

"भूक नव्हती."

दुसऱ्या दिवशीही वाटी तशीच. तिसऱ्या दिवशी तिने चाखून पाहिली. पेजेत काडीचाही दोष नव्हता. तिच्या मनात पाल चुकचुकली, पण नवऱ्याला सांगावं तर तो परीक्षाच रद्द करेल, म्हणून मूग गिळून गप्प बसली. एक वाटीच तर खायची आहे, तिने स्वतःची समजूत घातली. घरासाठी तेवढं करतीलच.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी परीक्षा झाली. मुलगा टेबलाशी येऊन बसला, लिफ्टच्या खोलीत शिरताना असतो तशा चेहऱ्याने. सूनबाईला त्याने शेजारी बसवलं, मदत करशील म्हणून. गुरुजी आत गेले. पाण्याचा आवाज, मग बराच वेळ कसलाच आवाज नाही, मग तिळाचा वास आणि त्यामागून दुधाचा. मुलाने दोनदा छताकडे पाहिलं. भोंग्याने तोंड उघडलं नाही.

गुरुजी वाटी घेऊन बाहेर आले. पेज दाट होती, वर मधाची धार पसरत होती. त्यांनी ती आपल्यापुढे ठेवली, मुलाच्या समोर बसले आणि चमचा हातात घेतला.

"करायला तर जमलं," मुलगा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात नवल होतं. "मानलं, बाबा. आता खा."

गुरुजींनी चमचा वाटीत घातला, भरला, आणि तो वाटीतच राहिला. ते वाटीकडे बघत होते. मुलगा त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी एकदा चमचा ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला. सूनबाईने टेबलाखाली आपलीच बोटं घट्ट धरली. खा ना, बाबा. एक घास.

"गरम आहे का?" मुलाने विचारलं.

"नाही." गुरुजींनी वाटी दोन बोटं पुढे सरकवली. "मला नाही जमणार."

"अहो, एवढं सगळं केलंत आणि..."

"करायला जमतं. एकट्याने खायला नाही जमत." ते मान वर करून बोलू लागले, वर्गात बोलायचे तसे, फक्त हळू. "तुला वाटलं, बाबांना स्वयंपाक येत नाही म्हणून ते उपाशी राहिले. मी तसंच वाटू दिलं, ते सांगायला सोपं होतं. तेव्हा घरात दूध होतं, पाव होता. घड्याळवाल्याच्या बहिणीकडून रोज गरम डबा यायचा. मी तो उघडायचो नाही. रोज धुऊन परत द्यायचो, अन्न कुत्र्याला घालून. तुझी आई समोर नव्हती. घास तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही."

मुलाचा चेहरा उतरला होता. दोर कुठे तुटला हे त्याला आत्ता कळत होतं, आणि तो भलतीकडेच तपासत बसला होता.

"मग तर प्रश्नच मिटला," तो शेवटी म्हणाला. कठोरपणे नाही, पण घाबरलेली माणसं बोलतात तसं. "तिकडे तुमच्यासमोर कोण बसणार आहे? इथे आम्ही दोघं तरी आहोत."

"इथे मला वाढतात. ताट येतं, मी खातो, ताट जातं. तुम्ही दोघं प्रेमाने करता, मी नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी मी वाट्या घेऊन जिने चढलो आणि परत येऊन जेवलो. सूनबाईला विचार, किती जेवलो ते."

"खूप जेवले," सूनबाई म्हणाली.

"त्या अध्यायात एकट्याचं माप नाहीच," गुरुजी म्हणाले. "मी इतकी वर्षं तो शिकवला, आणि कधी लक्षात नाही आलं, की त्यात कोणी स्वतःपुरतं शिजवत नाही. सात ओंजळी घाल, सगळ्यांना वाढ, मग तू बस. मला तसं राहायचंय. समोर घड्याळवाला आहे, त्याची बहीण आहे. आमच्या शाळेची घंटा द्यायचा तो म्हातारा गल्लीच्या टोकाला राहतो, त्याला कोणी नाही. त्या गल्लीत मी जन्म काढला, आणि कोणाला आपल्या हाताने चमचाभर काही वाढलं नाही. तुझी आई वाढायची, मी त्यांना पोथी समजावून सांगायचो." ते थोडं हसले. "आता उलट करून बघतो."

"आणि कोणी आलंच नाही तर?"

हा प्रश्न मुलाने विचारला तेव्हा सूनबाईला त्याचा राग आला, आणि लगेच तो राग गेलाही, कारण हा प्रश्न विचारताना त्याचे डोळे भरले होते.

"तर मी तुला फोन करीन," गुरुजी म्हणाले. "तू ये."

मुलगा उठला. आत गेला आणि रिकामी वाटी घेऊन आला. वडिलांच्या वाटीतली पेज त्याने अर्धी आपल्या वाटीत ओतून घेतली. थोडी टेबलावर सांडली, ती बोटाने पुसून घेतली. खुर्ची ओढून तो वडिलांच्या अगदी जवळ बसला आणि खाऊ लागला. सूनबाईला कोणी विचारलंसुद्धा नाही, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. दोन घास झाल्यावर तो म्हणाला, "मध जरा जास्त झालाय."

"मानकरी आहे तो," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी चमचा उचलला. पहिला घास तोंडात गेला. सूनबाई त्यांच्या गळ्याकडे बघत होती. घास उतरला. मग दुसरा गेला.

वाटी तशीच डाव्या हातात धरून मुलाने उजव्या हाताने खिशातून फोन काढला आणि औषधांच्या कंपनीतल्या त्या गृहस्थाला लावला.

"हो, मीच. सामान आणू नका, ते घर द्यायचं नाहीये... नाही, नाही, भाड्याचा प्रश्न नाही. वडील राहतात तिथे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्याने शेजारी जेवणाऱ्या वडिलांकडे पाहिलं. "एकटे कशाला? आम्ही आहोत की सगळे."